आप्पांचे बूट आणि अझँकूरचा चिखल

आधीच सांगून टाकते, ही ट्रिप मुळात पॅरिसची होती. आई-आप्पा पहिल्यांदाच आमच्याकडे इंग्लंडला आलेले, लेकीला ऑक्टोबरची आठवडाभर सुट्टी, म्हटलं दाखवून टाकू आयफेल टॉवर. पण सुट्टीतले हॉटेलचे रेट बघून नवऱ्याचा चेहरा उतरला आणि तेवढ्यात आप्पाच म्हणाले, "त्यो टॉवर टीव्हीत बघितलाय की गं. मला हितली शेती दाखवा." आप्पांची उभी हयात वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या काळ्या रानात गेलीय, एकाहत्तरी झाली तरी पहाटे उठून उसाला पाणी द्यायला जातात. इकडे आमच्या नवऱ्याला जुन्या लढायांचं वेड, गेली पाच-सहा वर्षं तो "एकदा अझँकूरला जाऊ" म्हणून कान खातोय (१४१५ ला इंग्रज-फ्रेंचांची मोठी लढाई झाली ते गाव). मग नकाशा बघताना लक्षात आलं की उत्तर फ्रान्समध्ये दोघांचंही भागतंय, कारण ती रणांगणं म्हणजे आज नुसती शेतंच आहेत. पॅरिस कॅन्सल. आईला कुणी विचारलंच नाही, ती भाजणीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी भरायला लागली होती.

(इंग्लंडचा व्हिसा असला तरी फ्रान्ससाठी वेगळा काढावा लागतो. त्याचे हेलपाटे, फोटोचा साइज चुकला म्हणून परत पाठवणं वगैरे सगळं झालं, पण ते जाऊ दे.)

दिवस पहिला, गुरुवार: बोगदा आणि सहा माणसं

फोकस्टनला गाडीसकट ट्रेनमध्ये शिरायचं आणि ३५ मिनिटांनी समुद्राखालून फ्रान्समध्ये निघायचं, हे आप्पांना शेवटपर्यंत पटलं नाही. गाडीत बसल्या बसल्या दोनदा विचारलं, "पाणी वरनं चाललंय व्हय आत्ता?" बाहेर पडल्यावर नवऱ्याची उजवीकडून गाडी चालवायची परीक्षा सुरू, पहिल्याच गोलचक्करला मी डोळे मिटले.

पहिला थांबा कॅले. तिथे टाऊन हॉलसमोर रोदँ या फ्रेंच शिल्पकाराचं शिल्प आहे, सहा माणसं, अनवाणी, गळ्यात दोर, एकाच्या हातात भलीमोठी किल्ली. मी फोटोत बघितलं होतं तेव्हा हुतात्म्यांसारखी ताठ उभी असतील असं वाटलेलं, पण प्रत्यक्षात ती खचलेली माणसं आहेत, एकाने डोकं दोन्ही हातांत धरलंय, बोटं केवढी मोठी केलीयत त्याने. १८९५ साली बसवलंय हे. गोष्ट अशी की १३४६ ला क्रेसीची लढाई जिंकल्यावर इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड थेट कॅलेला आला आणि वेढा टाकून बसला, अकरा महिने. गावात खायला काही उरेना तेव्हा राजा म्हणाला गावातले सहा प्रतिष्ठित गळ्यात दोर घालून किल्ल्या घेऊन या, बाकीच्यांना सोडतो. सहा जण निघाले, आणि राणी फिलिपाने गयावया केली म्हणून ते पण वाचले अशी गोष्ट सांगतात. कॅले मात्र गेलं ते गेलंच, १५५८ पर्यंत इंग्रजांकडे. दोनशेच्या वर वर्षं!

आईने शिल्पाला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बायको चांगली होती म्हणायची त्याची."

आता इंग्रज-फ्रेंचांचं हे भांडण (शंभर वर्षांचं युद्ध म्हणतात ते) कशावरून, हे लेकीने गाडीत विचारलं. नवऱ्याने घराण्यांची नावं घेत वीस मिनिटं समजावलं, कुणाला काही कळलं नाही. आप्पांनी दोन प्रश्न विचारून दोन वाक्यांत आणलं. फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स १३२८ ला वारला, त्याला मुलगा नव्हता. इंग्लंडचा एडवर्ड हा त्याच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा, म्हणजे भाचा, आणि फ्रेंच सरदारांनी गादी दिली चुलतभावाला, फिलिपला. "म्हंजे मामाच्या इस्टेटीत भाच्यानं वाटणी मागितली. भाऊबंदकीच की ही." १३३७ ते १४५३ चालली ही केस. आमच्या बांधाची केस सांगलीत एकोणीस वर्षं चालली होती त्याचं आप्पांना फार वाटायचं, आता जरा बरं वाटलं असावं.

रात्री एदँ गावाजवळ शेतातलं एक घर भाड्याने घेतलं होतं तिथे पोचलो. स्वयंपाकघर आहे म्हणून हॉटेल सोडून हे घेतलं. तवा नव्हता. आईने थालीपीठं केकच्या टिनवर लावली, आणि ती झाली पण छान, म्हणजे मी आता तवा शोधायचं सोडून द्यायला हवं.

दिवस दुसरा, शुक्रवार: क्रेसी

सकाळी ऊन. ऑक्टोबरात तिकडे ऊन म्हणजे लॉटरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी शेतं, लांबच लांब, कुंपण नाही की बांध नाही, आणि कडेला मातकट गोळ्यांचे ढीग, पुरुषभर उंच, शंभर-दीडशे फूट लांब. आप्पांनी गाडी थांबवायला लावली. शुगरबीट! साखरेचं बीट. इथला गाळप हंगाम सप्टेंबरात सुरू होतो म्हणे, काढलेलं बीट असं शेताच्या कडेला रचून ठेवतात आणि मग ट्रक येऊन कारखान्याला नेतात. आप्पांनी एक उचलून नखाने खरवडून चाखलं. "गोड हाय की!" मग रिकव्हरी (साखरेचा उतारा) किती, टनाला भाव काय, वजनाला काटा मारत्यात का, हे सगळे प्रश्न मला, जशी काय मी कारखान्याची एमडी. नवऱ्याने सांगितलं की नेपोलियनच्या काळात इंग्रज आरमाराने फ्रान्सची समुद्रावरची वाट अडवली, बाहेरची उसाची साखर येईना, तेव्हा त्याने या बिटाच्या लागवडीला जोर दिला. आप्पांना क्रेसीपेक्षा ही माहिती जास्त आवडली.

क्रेसी-आँ-पोंतिय हे तसं झोपाळू गाव आहे. गावाबाहेर टेकाडावर एक लाकडी मनोरा बांधलाय, एडवर्ड जिथे पवनचक्कीपाशी उभं राहून लढाई बघत होता ती ही जागा असं मानतात. मूळ चक्की आता नाही. जिने चढून वर गेलं की खाली हलक्या उताराची शेतं, पलीकडे परत चढ, बस. आई म्हणाली, "एवढंच?" रणांगणांचं हेच असतं बहुतेक, पानिपतला गेलेले लोक पण हेच सांगतात. नुकतेच काही अभ्यासक लढाईची खरी जागा इथे नव्हतीच असंही म्हणायला लागलेत, पण ते नवऱ्यासमोर बोलायची सोय नाही.

२६ ऑगस्ट १३४६. फिलिपचं सैन्य दिवसभर चालून संध्याकाळी इथे पोचलं. थकलेलं, रांगा नाहीत, मागचे पुढच्यांना रेटतायत, आणि तेवढ्यात वळवासारखी पावसाची सर. सगळ्यात पुढे काढले इटलीतल्या जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले. त्यांचं शस्त्र जबरदस्त पण भरायला वेळ लागतो, एक बाण मारून दुसरा लावेपर्यंत आडोसा म्हणून माणसाएवढी मोठी ढाल लागते, आणि त्या ढाली राहिल्या मागे, सामानाच्या गाड्यांमध्ये! म्हणजे पॅडशिवाय बॅटिंगला पाठवल्यासारखं. समोर वरच्या अंगाला इंग्रज धनुर्धारी, लाकडाचे साधे लांब धनुष्य घेतलेले, मिनिटाला दहा-बारा बाण सोडणारे. जिनोआवाले मागे पळायला लागले तर फ्रेंच घोडेस्वारांनी त्यांना भ्याड ठरवून आपल्याच माणसांना तुडवत पुढे चाल केली. रात्र पडेपर्यंत पंधराएक वेळा चढाई केली म्हणतात. इंग्रजांकडे थोड्या तोफा पण होत्या, त्या काळातल्या, आवाजाला मोठ्या आणि कामाला बेताच्या.

मनोऱ्यावरून लेक विचारत होती की राजा इथे वर उभा राहून काय करत होता, खाली का नाही गेला. त्याचा मुलगा, सोळा वर्षांचा, खाली गर्दीत होता आणि मदत पाठवा असा निरोप आला तरी बापाने पाठवली नाही, पोराला नाव कमवू दे म्हणाला, असं सांगतात. यावर आजी म्हणाली कालचं ते चांगली बायको मी मागे घेते, नवरा असला असेल तर तिलाच बघावं लागत असणार सगळं. (लॉजिक मला पण कळलं नाही.)

इथून फोंतेन-स्युर-मे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला शेताच्या कडेला एक दगडी क्रॉस आहे, झिजून झिजून खुंटासारखा झालेला. बोहेमियाच्या (आजच्या चेक देशातल्या) राजाचा. जॉन त्याचं नाव, वय पन्नास, आणि काही वर्षांपासून पूर्ण आंधळा. फ्रान्सच्या बाजूने आला होता. लढाई हातची चाललीय कळल्यावर म्हणाला मला पुढे न्या, मला एक तरी वार करायचाय. मग बरोबरच्या सरदारांनी आपापल्या घोड्यांचे लगाम त्याच्या घोड्याला बांधले आणि सगळे मिळून घुसले. दुसऱ्या दिवशी तसेच एकत्र सापडले. मला आंधळ्या राजापेक्षा त्या लगाम बांधणाऱ्यांचं नवल वाटतं. त्यांना दिसत होतं ना समोर काय आहे ते.

आप्पा क्रॉसपाशी बराच वेळ थांबले. मला वाटलं गहिवरले. तर म्हणाले, "ह्ये रान बघ की. इतका उतार असून एक ताल न्हाई की बांध न्हाई. माती वाहून जात न्हाई का ह्यांची?"

दुपारी पावणेएकला गावात परत आलो तर बेकरी बंद, दुकान बंद, सगळं बंद. बारा ते दोन जेवायची सुट्टी. एका कॅफेत फ्राइज मिळाल्या आणि एक चीजचा टार्ट, मारवाल चीजचा, त्याचा वास असा की आईने पदर नाकाला लावून सांगितलं गाडीत आणायचा नाही. नवऱ्याने बाहेर बाकावर बसून एकट्याने संपवला.

दिवस तिसरा, शनिवार: अझँकूर

रात्रभर पाऊस. कौलांवर नुसता ताशा वाजत होता. सकाळी थांबला पण आभाळ खाली आलेलं. मी म्हटलं आजचं रद्द करू, तर नवरा इतका खूश की मला संशय आला. "अगं, तेव्हा पण आदल्या रात्री असाच पाऊस होता!" २४ ऑक्टोबर १४१५ च्या रात्री. लढाई २५ ला. म्हणजे याला ओरिजिनल चिखल मिळाला होता.

पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. गाव जवळ आलं की रस्त्याच्या कडेला लाकडात कापलेले, रंगवलेले सैनिक उभे दिसायला लागतात, कुणी धनुष्य ताणलंय, कुणी चिलखतात, कुणाच्या फाटकापाशी तर कुणाच्या परसात. इंग्रज या जागेला अ‍ॅजिनकोर्ट म्हणतात, गाव मात्र अझँकूर. गावात म्युझियम आहे, लहानसंच पण नीट केलेलं. चिलखतं, नकाशे, फिल्म, आणि शस्त्रांचं वजन उचलून बघायची सोय. लेकीने एक उचलायला घेतलं आणि तिच्या आजोबांकडे दिलं, आजोबांनी एका हातात तोलून म्हटलं, "आपल्या कुऱ्हाडीएवढंच हाय." पूर्ण पोलादी चिलखत पंचवीस-तीस किलोचं. ते अंगभर वाटलेलं असतं, त्यामुळे त्यात माणूस चालू शकतो, घोड्यावर चढू शकतो, क्रेनने चढवायचे वगैरे सगळ्या थापा.

आता जरा मागची गोष्ट. पाचवा हेन्री, क्रेसीवाल्या एडवर्डचा पणतू, तिशीच्या आतला. याच्या चेहऱ्यावर बाणाचा व्रण होता, सोळा वर्षांचा असताना श्रूजबरीच्या लढाईत गालात घुसलेला बाण वैद्याने खास अवजार बनवून बाहेर काढला होता. बाण काय करतो ते याला वेगळं शिकवायला नको. तर हा १४१५ च्या ऑगस्टमध्ये सेन नदीच्या मुखाशी उतरला, आर्फ्लर बंदराला वेढा घातला, २२ सप्टेंबरला ते घेतलं, पण तोवर छावणीत हगवणीची साथ. कितीतरी मेले, कितीतरी परत पाठवले. उरलेल्यांना घेऊन ८ ऑक्टोबरला तो कॅलेकडे निघाला, आठ दिवसांची शिदोरी घेऊन. पणजोबाने सोम नदी जिथे ओलांडली होती तोच ब्लांशताकचा उतार गाठायचा बेत होता, तर तिथे फ्रेंच आधीच उभे. मग नदीच्या काठाकाठाने उलटं आत आत जात राहिला, शेवटी १९ तारखेला पार झाला, आणि अझँकूरला पोचेपर्यंत आठ दिवसांच्या शिदोरीवर दोन आठवडे उलटून गेलेले. उपाशी, पोट बिघडलेलं सैन्य, घरी जायची वाट शोधतंय आणि वाट अडवून समोर मोठी फौज. आप्पा एकदम म्हणाले, "पानिपतच की."

खरंय. मला पण तेच आठवलं, भाऊसाहेब, संक्रांत, उपाशी फौज. फक्त इथे उपाशी असलेले जिंकले.

मग आम्ही शेताकडे गेलो. एका बाजूला अझँकूरची झाडी, दुसऱ्या बाजूला त्रामकूरची, मधे मोकळी जमीन. मेझोंसेलच्या बाजूला रस्त्याकडेला तारीख कोरलेला एक उभा दगड आहे, तिथे गाडी लावली. तेव्हा दोन्हीकडची झाडी अजून पुढे होती आणि मधला पट्टा जेमतेम किलोमीटरभर किंवा त्याहून कमी रुंद. इंग्रज सहा ते नऊ हजार, त्यात पाचातले चार तरी धनुर्धारी. फ्रेंच बारा हजार म्हणणारे आहेत आणि त्याच्या दुपटी-तिपटीने म्हणणारे पण. पण अरुंद जागेत जास्त माणूस म्हणजे जास्त गर्दी, एवढंच. शिवाय मोठा सरदार तेवढा सगळ्यांनाच पहिल्या रांगेत उभं राहायचं होतं, लग्नातल्या फोटोसारखं, आणि त्यांचे स्वतःचे बाणवाले मात्र मागे ढकलले. राजा सहावा चार्ल्स आलाच नव्हता, त्याला वेडाचे झटके यायचे, आपण काचेचे आहोत आणि कुणी हात लावला तर फुटू असं वाटायचं त्याला.

शेत कसं होतं? नांगरलेलं, गहू पेरलेलं, रात्रभर पाऊस खाल्लेलं. हे वाक्य नवऱ्याने म्हटलं आणि आप्पा बांधावर थबकले.

"वापसा न्हवता म्हणा की."

नवऱ्याला वापसा माहीत नाही, तो डोंबिवलीचा. आप्पांनी शिकवलं, पावसानंतर माती काम करण्याइतकी सुकली की वापसा आला म्हणायचं. शेजारच्या शेतातलं बीट नुकतंच काढलेलं होतं, मशीनच्या चाकांनी रान उलथंपालथं झालेलं, त्याच्या कडेने ट्रॅक्टरची चाकोरी जात होती. पलीकडे हिरवे कोंब आलेलं शेत होतं त्यात ते गेले नाहीत, दुसऱ्याच्या पेरलेल्या रानात पाय घालायचा नाही. चाकोरीत उतरले, वाकले, मूठभर माती घेतली आणि दाबली. लाडू झाला. हात वर करून तो खाली सोडला. थप्प करून बसला, फुटला नाही. "बघितलंसा जावईबापू? वापसा असंल तर ह्यो खाली पडला की फुटतोय, भुरभुरीत. ह्यो न्हाई फुटला. ह्या रानात आमी चार दिस बैल घालत न्हाई. आन् ह्या येड्यांनी घोडी घातली?"

घोडी घातली होती, कडेच्या धनुर्धाऱ्यांना उधळून लावायला. पण धनुर्धाऱ्यांनी पुढ्यात टोकदार खुंट ठोकलेले, तिरके, आणि बाण. घोडी फिरली आणि मागून चालत येणाऱ्या आपल्याच लोकांत घुसली.

त्याआधी एक गोष्ट झाली ती मला सगळ्यात जास्त आवडते. सकाळी दोन-तीन तास दोन्ही फौजा नुसत्या समोरासमोर उभ्या, कुणी हलत नाही. फ्रेंचांना हलायची गरजच नव्हती, त्यांना फक्त थांबायचं होतं, उपाशी माणूस किती थांबेल? शेवटी हेन्रीनेच सैन्य पुढे हलवलं, बाणाच्या टप्प्यात येईपर्यंत. खुंट उपटायचे, खांद्यावर घ्यायचे, चिखलातून पुढे जायचं, परत ठोकायचे. त्या वेळात फ्रेंच तुटून पडले असते तर संपलं होतं सगळं. नाही पडले. मग बाण यायला लागले आणि आता ते निघाले, पायी, चिलखतात, तोंडावरची जाळी खाली करून, कारण वर बघावं तर बाण. तीनशे मीटर म्हणा. समोरचं दिसत नाही, श्वास पुरत नाही, पुढच्या माणसाने तुडवलेल्या चिखलात मागचा.

आप्पा तोवर वीस-पंचवीस पावलं आत गेले होते. परत येताना त्यांची चाल बदलली, प्रत्येक पाऊल उचलताना चप्प असा आवाज, आणि बुटांचा आकार दिसेना, दोन पाट्या घातल्यासारखे पाय. नवरा हात द्यायला पुढे गेला आणि स्वतःच गुडघ्यावर आला. लेक हसून हसून लाल. आई रस्त्यावरून, "मी सांगितलं होतं वहाणा काढून जा!"

"तिचं खरं हाय," आप्पा म्हणाले. "भातलावणीला अनवाणीच उतरत्यात. उघडा पाय निघतोय. बूट घातलेला रुततोय."

मी एकदम नवऱ्याकडे बघितलं, कारण म्युझियममध्ये हेच वाचलं होतं. इंग्रज धनुर्धाऱ्यांच्या अंगावर जड काही नव्हतं, कितीतरी अनवाणी, हगवणीमुळे कित्येकांनी खालचे कपडे पण काढून टाकलेले. बाण संपल्यावर ते धनुष्य टाकून खुंट ठोकायचे हातोडे, कुऱ्हाडी, सुरे, जे असेल ते घेऊन या रुतलेल्या लोकांत शिरले. पडलेला सरदार उठू शकत नव्हता, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. कितीतरी जण जखमेशिवाय, नुसते गुदमरून गेले. आप्पा म्हणाले रुतलेला बैल काढायला चार माणसं आणि कासरा लागतो, आणि त्याला कुणी वरून मारत नसतं.

ऑर्लियाँचा ड्यूक चार्ल्स प्रेतांच्या ढिगाखालून जिवंत निघाला, विशीतला पोरगा, पुढची २५ वर्षं इंग्लंडमध्ये कैदेत कविता लिहीत बसला. ब्राबांटचा ड्यूक उशिरा पोचला, इतक्या घाईत की त्याचा चिन्हाचा अंगरखा पण मागे राहिला, तर बिगुलवाल्याचा झेंडा घेऊन त्याला भोक पाडून गळ्यात घातला आणि घुसला. पकडला गेला. आणि मग हेन्रीने कैदी मारायचा हुकूम दिला. मागे सामानावर हल्ला झाला होता, फ्रेंचांची तिसरी तुकडी परत चाल करून येईल अशी भीती होती, कैदी इतके की पहारेकऱ्यांहून जास्त, ही सगळी कारणं देतात. त्याच्या सरदारांनी टाळाटाळ केली, काहींना खंडणीचे पैसे जातील म्हणून, मग हे काम धनुर्धाऱ्यांना दिलं. नवरा हा भाग नेहमी भरभर सांगतो, हे माझ्या लक्षात आलंय. मी मुद्दाम थांबवून विचारलं, किती मारले? तो म्हणाला नक्की आकडा कुणीच देत नाही, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

फ्रान्सचा मुख्य सेनापती दाल्ब्रे आणि तीन ड्यूक मेले, इंग्रजांकडचे मोठे म्हणजे यॉर्कचा ड्यूक आणि सफोकचा अर्ल. थोडं पुढे झाडांमध्ये एक क्रॉस आहे, तिथे खाली खड्ड्यांमध्ये मेलेल्यांना पुरलं असं मानतात. आई तिथे हात जोडून उभी राहिली. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

आणि ते दोन बोटांचं, की फ्रेंच लोक धनुर्धाऱ्यांची बोटं कापायची धमकी द्यायचे म्हणून इंग्रज दोन बोटं दाखवून चिडवायचे आणि तिथून ती खूण आली, ते नवऱ्याने लेकीला मोठ्या ऐटीत सांगितलं. मी नंतर शोधलं, त्या खुणेचा तेव्हाचा काही पुरावा नाही. पण लेकीने तोवर आजोबांबरोबर तसे चौदा फोटो काढले होते.

रात्री घरी बूट दारातच काढले. विमानात २३ किलोच्या वर बॅग जाऊ नये म्हणून आईकडे तो हुकवाला वजनकाटा असतो ना, तो तिने या ट्रिपला पण आणलेला, कशाला ते देव जाणे. नवऱ्याने आप्पांचे बूट लेसला अडकवून लटकवले. दोन किलो तीनशे. मग आप्पांनी काडीने एका बुटाची माती काढली आणि परत लटकवले, एक किलो चारशे. म्हणजे एका पायाला जवळजवळ नऊशे ग्रॅम, पंचवीस पावलांत. नवऱ्याने तो काट्याचा फोटो त्याच्या लढाईवाल्या ग्रुपवर टाकला.

दिवस चौथा, रविवार: नव-शापेल, आणि घर

परतीच्या वाटेत थोडा वळसा घालून नव-शापेलला गेलो. हे ठिकाण माझ्या यादीतलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक, ज्यांना थडगं मिळालं नाही अशा साडेचार हजारांहून जास्त जणांची नावं. गोल आवार, उंच खांब, खांबाखाली दगडात कोरलेले दोन वाघ. १९१४ च्या शरदात हे लोक मार्सेयला उतरले आणि तिथून थेट इथल्या खंदकात, १० मार्च १९१५ ला या गावासाठी लढाई झाली, तीन-चार दिवस. गढवालचा गबरसिंग नेगी त्यात गेला, व्हिक्टोरिया क्रॉस नंतर मिळाला. आता इंग्रज आणि फ्रेंच एका बाजूला होते, आणि चिखलात उभे होते आपले.

आप्पा भिंतीवरची नावं बोट लावून वाचत निघाले. खान, सिंग, थापा, राम, गुरुंग. रविवार, पाऊस, आमच्याशिवाय कुणी नाही. अर्ध्या तासाने मी छत्री घेऊन गेले तर म्हणाले, "ह्यांच्या गावाकडं कळवलं असंल का गं, कुठं गेलं ते?" तार गेली असेल, मी म्हटलं. "तारंत गावाचं नाव असं लिहिलेलं कुणाला वाचता आलं असंल?"

कॅलेच्या टर्मिनलला नवऱ्याला आप्पांच्या स्वेटरच्या खिशात प्लास्टिकची पिशवी दिसली. अझँकूरची माती, मूठभर, आपल्या रानाशेजारी ठेवून बघायला. नवरा म्हणाला आप्पा माती नेता येते का माहीत नाही, पकडलं तर पंचाईत होईल. आप्पांनी काही न बोलता खाली उतरून ती कडेच्या गवतात झटकली आणि पिशवी मात्र घडी घालून परत खिशात ठेवली, चांगली होती ना.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या अंगणात बसून बुटाच्या खाचांमधून जुन्या टूथब्रशने काहीतरी काढत होती. तीच माती, वाळलेली, आता फुटत होती. तिने ती सगळी गोळा करून माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली. आप्पा येऊन बघून गेले, बोटाने जरा उकरली आणि म्हणाले, "आता आला बघ वापसा."